सत्तर जागा

बाबांनी विचारलं ते जेवताना,
कळण्याच्या भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून:
"तुना तो मेसेज जास कसा? पुरी गाडी जास का?"

मी टॉवरवरून नुकतीच आलेली,
बोटांना जनरेटरच्या डिझेलचा वास.
तोताराम बोरसे, भुसावळ यार्डात एकतीस वर्षं पॉइंट्समन.
त्यांना सांगणं वाटलं तितकं अवघड नव्हतं.

बाबा, जुना फोन म्हणजे सिंगल लाइनचा सेक्शन.
ड्रायव्हरच्या हाती गोळा दिला
की पुढच्या स्टेशनापर्यंत रूळ त्याच्या एकट्याचा.
दोघं बोलोत की नुसते गप्प बसोत,
मधे तिसरं कोणी शिरत नाही.
आई अमळनेरला असताना तुम्ही असेच बोलायचात,
तीन मिनिटं, त्यातलं एक खोकल्याचं.

आता हंप यार्ड.
फोटो पाठवला की आधी त्याचे डबे सुटे करतात.
प्रत्येकावर खडूनं लिहितात: कुठून, कुठे, कितवा.
मग उतारावरून सोडून देतात, एकेकटा.
एक खंडव्याकडून जातो, एक अकोला-नागपूर करत;
इटारसीला सातवा आधी लागतो, तिसरा मागाहून,
आणि मधल्या फटींतून दुसऱ्यांचे डबे,
कोणाचा केळीचा भाव, कोणाची लग्नपत्रिका, त्याच रुळावरून.
रूळ कोणाचाच नाही, म्हणून सगळ्यांना पुरतो.

"आन् गार्ड?"
गार्ड नाही. खडू हाच गार्ड.
"एखादा डबा हारपना तं?"
तर पलीकडचा सांगतो, पाचवा आला नाही,
आणि इकडून पुन्हा पाचवा सुटतो, हुबेहूब.
बाबा हसले. त्यांच्या वेळी हरवलेला डबा
पंधरा दिवसांनी सापडायचा,
त्यात मिरच्या असल्या तर वासावरून.

पण साधी चिठ्ठी डब्यातून जात नाही.
टॉवर आणि फोन आपसांत कुजबुजत असतात ना,
आहेस का, आहे, कुठे, इथे,
त्या बारीक वाटेनं जाते ती,
रुळालगत चालणाऱ्या गँगमनच्या खिशातून.
खिसा लहान. इंग्रजीची एकशेसाठ अक्षरं मावतात.
आपली सत्तर.
काना वेगळा मोजतात, वेलांटी वेगळी,
जोडाक्षराचा मोडलेला पायसुद्धा भाडं भरतो.
तोताराम म्हणजे सात.
त्यांनी ताटाच्या कडेवर बोटानं मोजून पाहिलं.
चार अक्षरांच्या आपल्या नावाला सात जागा लागतात
हे त्यांना आवडलं असावं.

मार्चात ते खुमसिंग पावराकडे गेले,
रात्रपाळीचा जुना जोडीदार, धडगावच्याही पुढे राहतो.
शहाद्यापर्यंत फोन लागत होता. मग घाट.
मी लिहिलं: बाबा, पोहोचलात का?
अठरा जागा.

केंद्रानं विचारलं, टॉवरांनी हाका मारल्या,
सातपुडा काही बोलला नाही.
वहीत खूण पडली: गैरहजर.
चिठ्ठी फाटली नाही, परत आली नाही,
फळीवर ठेवली गेली. बहात्तर तास ठेवतात.
मला हे सगळं पाठ आहे, नोकरीच ती माझी.
दुसऱ्या रात्री कळलं
की पाठ असणं वेगळं आणि झोप लागणं वेगळं.

तिसऱ्या पहाटे, पावणेपाचला, फोन थरथरला.
पोच.
म्हणजे कुठल्याशा टेकडीवर, रेंज येणाऱ्या एकुलत्या पळसाखाली,
एक बटणांचा फोन चालू झाला, म्हणाला, आलो,
आणि फळीवरची चिठ्ठी निघाली.
पोच एवढंच सांगते.
फोन कोणाच्या हातात आहे, ते सांगत नाही.

मी ओट्याशी उभी. चहा उतू गेला.
मग आलं

आठे शे

सहा जागा, मधली मोकळी धरून.
उरलेल्या चौसष्ट तशाच,
यार्डात दारं उघडी टाकून उभ्या असलेल्या डब्यांसारख्या.
त्या दिवशी यावलच्या टॉवरवर चढताना
मी त्यांच्यात काय काय भरून पाहत होते.